थारला टायर कोणते घ्यावेत? (सहा दिवस इंदूर, सातव्या दिवशी काळी माती)

सोयाबीनवाला | १४ जुलै, रात्री १०:१०

मंडळी नमस्कार. गाडी थार, डिझेल, फोर बाय फोर, २०२१ ची. टायर २५५/६५ आर १८, गाडीबरोबर आलेलेच. ५२ हजार किलोमीटर झालेत आणि खाचांतल्या निशाणीला रबर टेकायला आलंय, म्हणजे बदलायचे हे नक्की.

वापर असा: सोमवार ते शनिवार सुदामानगर ते विजयनगर आणि परत. रविवारी बेटम्याच्या पुढे आमचं शेत आहे तिथे. डांबरी सोडल्यावर दीड किलोमीटर गाडीवाट. उन्हाळ्यात तिथून स्कूटरसुद्धा जाते. पावसाळ्यात काय होतं ते माळव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आज सकाळी अडकलो. शेजारच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर डबा. फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) टाकला, दुसरा गिअर, तरी गाडी जागच्या जागी साबणावर उभी असल्यासारखी फिरली आणि डावी बाजू चारीत गेली. डबा कलंडला. खाली उतरून पाहिलं तर टायरच्या खाचा कुठे दिसेचनात. चारही चाकं उडदाच्या पापडाच्या लाटीसारखी काळी गुळगुळीत. शेजारचे पटेल ट्रॅक्टर घेऊन आले, आधी पाच मिनिटं हसले आणि मग म्हणाले, "बाबूजी, या काळी माटी हे, इणमें तो भैंस बी सोची ने पग धरे."

तर एटी (सगळ्या वाटांचे) घेऊ, एमटी (चिखलाचे) घेऊ, की रस्त्याचेच एचटी घेऊन पावसाळाभर शेताला रामराम करू? दुकानदार म्हणतो एक साइज मोठी टाका, "लुक येतो". बायको म्हणते लुक तुमचा आधी नीट करा.

रिकामटेकडा | १४ जुलै, रात्री १०:१८

रुमाल टाकून ठेवतो. डब्यात काय होतं ते लिहिलंच नाहीत.

विंध्यातला_भटक्या | १४ जुलै, रात्री १०:५५

एमटी. डोळे मिटून. चोरलच्या नदीपात्रात आणि जानापावच्या मागच्या वाटांवर सहा वर्षं चालवतोय. आपल्या विंध्यातला दगड बेसाल्ट, फुटला की कडा सुरीसारखी. साध्या टायरची बाजूची भिंत एका रविवारात फाडतो. माझी दोनदा फाटली. पंक्चर काढता येतं, बाजूची भिंत शिवता येत नाही, टायर थेट भंगारात. एमटीची भिंत जाड असते आणि खांद्यावर गठ्ठे असतात ते दगड पकडतात. आवाज येतो म्हणून लोक रडतात. गाणी मोठ्याने लावा.

पेठेतला_एक | १४ जुलै, रात्री ११:३०

आमच्याकडे बहुतेक थार फक्त मॉलच्या पार्किंगचा उतार चढतात. त्यांच्यासाठी कोणते टायर चांगले, तेही सांगून टाका.

रिकामटेकडा | १४ जुलै, रात्री ११:३४

@पेठेतला_एक, त्यांच्यासाठी काळं पॉलिश. बाजूला पांढरी अक्षरं असतील तर तीही रंगवून मिळतात.

रबरवाला | १५ जुलै, सकाळी ७:२०

पीथमपूरला टायरच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, आता घरी आहे. नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवून लिहायला बसलोय, त्यामुळे लांबेल.

भटक्या, तुमचं म्हणणं तुमच्या वाटेपुरतं बरोबर आहे. पण धागाकर्त्याची वाट दगडाची नाही, मातीची आहे. आणि आठवड्याचे सहा दिवस ती वाट नाहीच, ओला डांबरी रस्ता आहे. एमटीमध्ये गठ्ठे मोठे, मधल्या मोकळ्या जागा मोठ्या. म्हणजे रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारं रबर कमी. गठ्ठ्यांवर ज्या बारीक चिरा असतात (दाढीच्या ब्लेडने मारल्यासारख्या), त्याही एमटीत कमी. ओल्या रस्त्यावर पकड त्या चिरांच्या कडांची असते. विजयनगर चौकात पावसात समोर रिक्षा थांबली की एमटीवाली गाडी एचटीवालीपेक्षा उशिरा थांबते. हे मी मत म्हणून सांगत नाहीये.

आता काळी माती. ही पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. कुठल्याही टायरची खाच मातीने भरली की तो टायर गुळगुळीतच. एमटीच्या मोठ्या खाचा माती फेकून देतात हे खरं, पण फेकायला चाकाला वेग लागतो. रांगत चाललात तर एमटीही भरतो, फक्त थोडा उशिरा. एटीची खाच लहान, ती लवकर भरते. एचटीचं तर बोलूच नका.

टायर घ्याल तेव्हा बाजूला काय लिहिलंय ते बघा. साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: १०९ म्हणजे एका टायरवर १०३० किलो, १११ म्हणजे १०९०. अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. एमटी बरेचदा क्यू असतात. गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा आकडा खाली जाऊ देऊ नका. साइजच्या आधी एलटी असेल तर तो माल वाहणाऱ्या गाड्यांच्या जातीचा, भिंत कडक, वजनदार, आणि तेवढंच ओझं पेलायला हवा जास्त मागतो. दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा मग तसाच्या तसा चालत नाही.

टायर चारही एकाच साइजचे, एकाच जातीचे. दोन एटी, दोन जुने असली काटकसर फोर बाय फोरमध्ये करू नये. चाकांचा घेर वेगळा पडला की भार ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) येतो, आणि ती टायरपेक्षा महाग आहे.

जिम्नीवाली | १५ जुलै, सकाळी ९:०५

रबरवाला काका, सुंदर लिहिलंत. माझं थोडं उलटं.

पाणलोटाच्या कामासाठी झाबुआ-आलिराजपूरकडे महिन्यातले पंधरा दिवस असते. जिम्नी, टायर गाडीबरोबर आलेलेच, १९५/८० आर १५, चक्क एचटी. लोक हसतात. पण अरुंद टायर पातळ चिखल कापून खाली जातो आणि खालचा कडक थर पकडतो. झाबुआच्या माळावर वरचा चार बोटं चिखल, खाली मुरूम किंवा खडक. तिथे मी जाते आणि रुंद टायरवाले तरंगत कडेला जातात. शिवाय गाडीच हलकी.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे सरसकट खरं नाही, एवढंच सांगायचं होतं.

विंध्यातला_भटक्या | १५ जुलै, सकाळी ९:४०

@जिम्नीवाली ताई, मान्य, पण बेटम्याला खाली कडक थर लागायला विहीर खणावी लागेल.

जिम्नीवाली | १५ जुलै, सकाळी ९:४४

हाहा, ते आहेच. म्हणूनच तिकडे मी पायी जाते.

महूकर_काका | १५ जुलै, दुपारी २:१५

चिरंजीव सोयाबीनवाला, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. दीड किलोमीटरपैकी नक्की कुठे अडकलात? सगळी वाट तशीच आहे, की एकच जागा? आणि टायरमध्ये हवा किती होती?

आम्ही फौजेत जबलपूरला बनलेली जोंगा चालवली, नंतर जिप्सी. एटी-एमटी हे शब्द कुणाला ठाऊक नव्हते. जुन्या जीपला ६.०० - १६ चा अरुंद टायर, आडव्या जाड पट्ट्यांचा, तो काश्मीरलाही तोच आणि राजस्थानातही तोच. बदलायची ती हवा. वाळू आली की हवा सोडा, डांबर आलं की भरा. हवा सोडल्यावर टायर रुंद होतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो लांब होतो, जमिनीला टेकणारा ठसा पुढेमागे वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असेल तर चिखलात १८ वर या. त्याच्या खाली जाऊन जोरात वळलात तर टायर रिमवरून उतरायची भीती. आणि परतताना भरल्याशिवाय हायवेला लागू नका, कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

सोयाबीनवाला | १५ जुलै, रात्री ९:००

काका, हवा ३४ होती. पंपवाल्या पोराने आपल्या मनाने भरली होती, मी बघितलीच नाही.

आणि जागेचं म्हणाल तर... तुम्ही विचारल्यावर आठवून बघितलं. गेल्या वर्षी दोनदा आणि आज (म्हणजे काल) एकदा, तिन्ही वेळा नाल्याच्या अलीकडचा तोच तुकडा. बाकी वाट घसरते, पण निघते.

महूकर_काका | १५ जुलै, रात्री ९:२०

मग पुढच्या रविवारी तो तुकडा पावलांनी मोजून या.

पोहे_विथ_उसळ | १५ जुलै, रात्री ९:४५

अवांतर: माझा मित्र पावसात बायपासवर फोर एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकून फिरतो, "पकड चांगली" म्हणून. पाऊस थांबल्यावर तसाच छप्पन दुकानला (इंदूरची खाऊगल्ली) पोहे खायला आला, पार्किंगमध्ये वळताना गाडी लंगडल्यासारखी धक्के खात होती. बिघाड आहे का?

रबरवाला | १६ जुलै, सकाळी ७:१०

बिघाड अजून नाही, पण येईल. थारसारख्या गाडीत फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधलेले असतात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात तो फरक चाकं घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून तो ताण सगळ्या यंत्रणेत साठतो. मित्राला सांगा, कोरड्यात टू एच, म्हणजे दोनच चाकांना जोर.

गुरखाप्रेमी | १६ जुलै, सकाळी १०:३०

एवढी चर्चा झाली आणि पीथमपूरच्या लेकराचं कुणी नाव घेतलं नाही? फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आहेत. एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं.

विंध्यातला_भटक्या | १६ जुलै, सकाळी १०:३८

काळ्या मातीत दोन्ही लॉक लावलेस तर चारही चाकं एकदम घसरतील, भिया. समान न्याय.

नरवरवाला | १६ जुलै, सकाळी ११:५०

टायरची तारीख बघा हो कुणीतरी सांगा यांना. मी मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून चार "नवे" एटी घेतले. चकचकीत, वरचे रबराचे केसही शाबूत. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, हे ३११९ काय आहे? पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. पाच वर्षं गोदामात झोपलेले टायर मी नव्याच्या भावाने आणले. परत गेलो तर म्हणे गाडीला लागले की वापरलेले झाले. आता मी दुकानात शिरलो की आधी वाकून ते चार आकडे शोधतो. कधीकधी ते टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर असतात, म्हणून बसवायच्या आधीच बघा.

सोयाबीनवाला | १६ जुलै, रात्री १०:०५

बापरे. हे लिहून ठेवतो. आणि मोठी साइज घ्यावी की नाही, यावर कुणी बोललंच नाही. दुकानदार २५५/७० म्हणतोय.

रबरवाला | १७ जुलै, सकाळी ७:३०

हिशेब करा. २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के. टायरची पूर्ण उंची येते ७८९ मिलिमीटर. २५५/७० केलीत की ८१४. सव्वातीन टक्के वाढ. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने जात असेल. मिळवलंत काय? पोटाखाली सव्वा सेंटीमीटर, कारण उंचीतली अर्धीच वाढ खालच्या बाजूला मिळते. घालवलंत काय? इंजिनाला प्रत्येक वेळी मोठं चाक फिरवायचं, ब्रेकला ते थांबवायचं, आणि मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी आणखी जड.

गाडीच्या कागदांत जे आहे त्यापेक्षा वेगळं काही केलं की अपघातानंतर विमावाल्यांना बोट ठेवायला जागा मिळते, तेही धरा.

जिम्नीवाली | १७ जुलै, सकाळी ८:१५

जिम्नीत २१५/७५ आर १५ टाकणारे पुष्कळ आहेत, तिथे उंची जेमतेम दीड टक्का वाढते, त्यामुळे खपून जातं. पण काकांशी सहमत. सव्वा सेंटीमीटरसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा चिखलाआधी उतरून काठी खुपसून बघावी.

पेठेतला_एक | १७ जुलै, सकाळी ११:००

म्हणजे चार दिवसांच्या चर्चेनंतर निष्कर्ष: काठी घ्या. धन्यवाद, थार विकतो.

विंध्यातला_भटक्या | १७ जुलै, सकाळी ११:२०

मी अजूनही एमटीवरच आहे. एचटीवाल्यांना ओढायला आम्हीच येतो, हे विसरू नका. रबरवाला काका रस्त्याचं बोलतायत ते खरंय, पण ओल्या रस्त्यावर हळू चालवता येतं. चारीत गेलेली गाडी हळू चालवून बाहेर येत नाही.

रबरवाला | १७ जुलै, सकाळी ११:५५

हळू तुम्ही चालवाल. समोरून दुचाकीवर येणारं पोर चालवेल का?

विंध्यातला_भटक्या | १७ जुलै, दुपारी १२:०१

...बरं. इथे गप्प बसतो.

वाफ्यातला | १८ जुलै, पहाटे ५:४०

मी देपालपूरकडचा, शेतीच करतो, गाडी पिकअप. तीन दिवस वाचतोय. एक विचारू? पटेलांचा ट्रॅक्टर त्याच वाटेने कसा आला?

त्याचं मागचं चाक माणसाएवढं, दाते दोन बोटं खोल, आणि हवा कारच्या निम्म्याहून कमी. तुम्ही १८ इंची रिमवर ट्रॅक्टर बनवायला निघालात. नाही बनणार. पाच टायर एमटी घ्यायचे आणि एचटी घ्यायचे यात जो फरक पडतो, तेवढ्या पैशांत त्या नाल्याजवळच्या तुकड्यावर खाली बोल्डर आणि वर मुरूम पडतो. नुसता मुरूम टाकू नका, काळी माती दोन पावसात गिळून टाकते, पैसे गेले. आधी कडेला चारी काढून पाण्याला वाट द्या, मग मोठा दगड, मग मुरूम. ती वाट पटेलांचीही असेल. त्यांना विचारा, अर्धे ते देतील. ट्रॅक्टरवाल्यालाही तिथे डिझेल जळतंच.

रिकामटेकडा | १८ जुलै, सकाळी ८:३०

टायरचा धागा होता, रस्त्याचं टेंडर निघालं.

महूकर_काका | १८ जुलै, सकाळी ९:००

वाफ्यातला, मी तेच सुचवणार होतो, पण तुम्ही दगडाचं सांगितलंत ते मला सुचलं नसतं.

पोहे_विथ_उसळ | १८ जुलै, सकाळी ९:१०

मग टायर?

सोयाबीनवाला | १ सप्टेंबर, रात्री ९:३५

उशीर झाला, माफी. धागा वर काढतोय, कारण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारणारे वाढले.

तो तुकडा मोजला. ६२ पावलं. एवढ्यासाठी मी पाच टायर बदलायला निघालो होतो! ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप मिळाली तेव्हा पटेल, मी आणि वरच्या मळ्याचे चौधरी, तिघांनी मिळून चारी काढली, तीन ट्रॉल्या बोल्डर, सहा ट्रॉल्या मुरूम. पटेलांनी पैसे कमी आणि ट्रॅक्टर जास्त दिला. दगड पसरताना माझ्या तळहाताला फोड आले, ते बघून ते पुन्हा हसले.

टायर एटी घेतले, २५५/६५ आर १८ च. नरवरवाल्यांचं ऐकून दुकानात मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकलो. चारपैकी एक जुना निघाला, बदलून दिला, दुकानदार माझ्याकडे सावकाराकडे बघावं तसा बघत होता. स्टेपनी मूळचीच ठेवलीय, ती जमिनीला कधी लागलीच नव्हती. रबरवाला काका रागावतील, पण पाचव्याचे पैसे दगडांत गेले. ती लागलीच तर टू एचमध्येच चालवेन.

आवाज थोडा वाढलाय, साठच्या पुढे हलकी गुणगुण. डिझेलचं ॲव्हरेज लिटरला १२ किलोमीटरवरून साडेअकरावर आलं. हवा भरायचा छोटा पंप घेतला, सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा. चार टायर १८ वरून ३० वर न्यायला पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात आई बांधावरची भाजी खुडून घेते.

काल रात्रभर पाऊस होता आणि आज सकाळी गेलो. मुरमावरून गाडी सुळकन गेली. त्याच्या पुढे शंभर पावलांवर, जिथे आजवर कधीच अडकलो नव्हतो, तिथे अडकलो. हवा १८ वर आणली, मागे-पुढे केलं, चौथ्या प्रयत्नात स्वतःहून निघालो. पटेल बांधावर उभे राहून बघत होते. दोर आणला होता त्यांनी, तो खांद्यावर टाकून परत गेले.

विंध्यातला_भटक्या | १ सप्टेंबर, रात्री ९:५०

एमटी असते तर दुसऱ्याच प्रयत्नात निघाला असतात. सांगून ठेवतो.

वाफ्यातला | २ सप्टेंबर, पहाटे ५:३०

तिथेही चारी काढा. पाणी पहिल्या तुकड्यावरून सरकून तिकडे गेलंय.

रिकामटेकडा | २ सप्टेंबर, सकाळी ८:२०

दीड महिना वाट बघतोय. डब्यात काय होतं?

सोयाबीनवाला | २ सप्टेंबर, सकाळी ८:४१

थालीपीठ आणि कैरीचं लोणचं. थालीपीठ वाचलं. लोणच्याचं तेल सीटवर सांडलं, डाग अजून तसाच आहे. कुणाला उपाय माहीत आहे का?

जिम्नीवाली | २ सप्टेंबर, सकाळी ८:४५

कोरडं बेसन दाबून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. पाणी अजिबात लावू नका.